आबांच्या तळ्यातले मासे

शिरूर, १२ ऑगस्ट १९७६

इनामगावच्या सखारामआबांचे सगळे मासे आज मेले.

तळ्यात शेण टाका, असं मत्स्यखात्याचा माणूस म्हणून मीच सांगितलं होतं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, पाणी हिरवं होतं, मासे पोसतात. पण आभाळ आलं की शेण थांबवायचं, हे सांगितलं होतं का? नाही. नाहीच सांगितलं.

आठ दिवस ऊन नव्हतं, तरी आबा शेण टाकत राहिले. ऊन नसलं की हे जीव हवा सोडत नाहीत, नुसती ओढतात; त्यांनीच पाण्यातली हवा संपवली. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. आबांना वाटलं, भूक लागली. त्यांनी कोंडा टाकला.

"कोंडा बघून खेळत्यात म्हनलं, साहेब. म्हातारीला बी बोलावलं बघाया."

दोघं काठावर कौतुकानं बघत उभे राहिले. ते चित्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

दुपारी मी पोचलो तेव्हा आजी मेलेले मासे पाटीत भरत होत्या. मुलगा गेल्यापासून आबा पहिल्यांदाच कशात रमलेत, असं त्याच मागे मला म्हणाल्या होत्या.

"तुम्ही सांगितल्यावानीच केलं. मंग कुठं चुकलं?" आबांनी विचारलं.

"आभाळामुळं झालं, आबा."

खोटं नव्हतं ते. पण पुढचं वाक्य तोंडातून निघालंच नाही. आबांना पटलं. उलट मलाच म्हणाले, "तुम्ही जिवाला लावून घेऊ नगा." मग आजींना चहा ठेवायला सांगितला.

तो मी प्यालो.