कल्कीच्या डाव्या हातातली तलवार

तीर्थस्वरूप मामा,

दत्तूचा साष्टांग नमस्कार. तुम्हाला जाऊन एक पावसाळा उलटला. आजच का लिहितो? समोर गंजिफाच्या पत्त्यांची कोरी गोल पाने ठेवली आहेत आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय त्यांवर कुंचला टेकवायला हात धजत नाही.

परवा आप्पासाहेब आले होते. तुम्ही त्यांच्यासाठी केलेला शेवटचा संच त्यांनी ओट्यावर ठेवला आणि शेजारी जुना, त्यांच्या वडिलांसाठी तुम्हीच केलेला. दोन्हींतून दहाव्या अवताराचा, कल्कीचा, राजा काढून माझ्यापुढे धरला. जुन्यात तलवार उजव्या हातात, नव्यात डाव्या.

“देव डावखुरा कधी झाला रं?” ते म्हणाले. “तुझ्या मामानं बाजारातली छापाची पानं घेतली, वर लाख चढवली आन् हातची म्हणून माझ्या गळ्यात मारली. उद्या दुपारी खेळणारी मंडळी घेऊन येतो. त्यांच्याम्होरं सांग काय ते.”

मामा, मंगळवार पेठेत तुमचे नाव म्हणजे हातचे काम. दुसरे काय मागे ठेवलेत तुम्ही?

ते गेल्यावर दोन्ही संच मी खिडकीच्या उजेडात मांडले. जुन्या पानावर बोट फिरवले की रंगाचा उंचवटा लागतो. रेघ कुठे भरते, कुठे केसासारखी होते. कल्कीच्या एक ते दहा तलवारींच्या पानांत एक तलवार दुसरीसारखी नाही. नव्यातल्या बाकीच्या नऊ अवतारांची पानेही तशीच, हातची. पण कल्कीची? बोटाला काहीच लागले नाही. रेघ रंगाच्या खाली, सगळीकडे सारख्या जाडीची. मुठीजवळ एक बारीक तुटका ठिपका होता, तो प्रत्येक तलवारीला त्याच जागी. आणि वरची लाख जाड, पिवळट, काहीतरी झाकायला दिल्यासारखी.

छापच होता.

“हातचंच हाय म्हणून सांग की,” मामी चुलीपाशी म्हणाली. “गेलेल्या माणसाचं कोण उकरून बघाय बसलंय?”

“आप्पासाहेब बसल्यात, मामी.”

रात्रभर मामीच्या बांगड्या वाजत होत्या, म्हणजे तीही जागीच होती.

सकाळी शिळाछापखान्यात हसनचाचांकडे गेलो. ते छपाईचा दगड घासत होते. मी पान दाखवले.

“बाजारचं कुठलं रं? तुझा मामा आलता की हितं,” ते म्हणाले. “राजा, प्रधान, एक तलवार, सगळं सोताच्या हातानं दगडावर काढलं. बाकीच्या तलवारी मी त्याच एकीवरनं उतरवल्या. मी म्हटलं, वस्ताद, दगडावर उलटं काढाय लागतंय. तर मलाच म्हणतोय, तू रांगत हुतास तवापासनं देव काढतोय मी.”

“मग?”

“मग काय? कागद उचलला तर देव डावखुरा. लई येळ बघत बसला. म्हणला, ऱ्हाऊ दे हसन. परत काढाय डोळं न्हाईत.”

नऊ अवतार हाताने काढून होईतो तुमचे डोळे गेले, हे मला छापखान्यात कळावे, मामा? पत्त्यांवर आता पोट भरत नाही, सगळ्यांना इंग्रजी पत्ते हवेत, असे सांगून तुम्ही मला चांदीचे काम शिकायला हुपरीला धाडलेत. एक निरोप पाठवला असतात तर मी चालत आलो असतो. तुमच्याकडे रेघ ओढताना माझा हात थरथरायचा, म्हणून नाही बोलावलेत का? की मला कळू नये म्हणून?

दुपारी मंडळी ओट्यावर बसली. दाराआड मामी उभी होती. मी म्हणालो, “कल्कीची बारा पानं छापाची हायत. पण दगडावर हात मामांचाच हाय. रंग त्यांनीच भरला, लाख त्यांनीच दिली. त्यांना नीट दिसत नव्हतं.”

आप्पासाहेबांनी राजा उचलून डोळ्यांजवळ नेला.

“मग सांगाय काय झालतं त्याला? मी न्हाय म्हटलं असतं व्हय?”

त्यांचा एक सोबती पुटपुटला, “डावखुरा असंना, आप्पा. उजवा हुता तवा तरी तू कुठं जिंकत हुतास?”

आप्पासाहेब हसले नाहीत. राजा त्यांनी संचात परत ठेवला आणि बाकीची अकरा पाने माझ्याकडे सरकवली.

“राजा ऱ्हाऊ दे. त्यो त्याचा हाय. ही अकरा तू हातानं काढ. पाठी अशा कर की बाकीच्या पानांत पालथं पान वळखू आलं न्हाय पाहिजे. वळखू आलं, तर संच हितंच आणून टाकीन. मग तुझ्या मामाचं नाव काढू नगं माझ्याम्होरं.”

मामा, त्या अकरांच्या जागीची ही कोरी पाने समोर आहेत. हात अजून थरथरतो. तुमच्या जुन्या पानांसारखी पातळ लाख मला साधेल का, माहीत नाही.

एवढे मात्र वचन देतो. एकही तलवार दुसरीसारखी होऊ देणार नाही. आणि प्रधानाला तलवार मी डाव्याच हातात देईन. आप्पासाहेबांनी विचारले तर सांगेन, राजा ज्या हाताने धरतो, त्याच हाताने प्रधानाने धरावी.

आता कुंचला भिजवतो.

तुमचा भाचा,
दत्तू