सतरंजी न अंथरलेला ओटा

प्रिय आत्या,

आज तुझं वर्षश्राद्ध, आणि मी इथं भरूचच्या पुढं, कामगारांच्या खोलीत, पालथ्या बादलीवर बसून लिहितोय. प्लँट बंद ठेवून दुरुस्ती चालली आहे, रजा मिळाली नाही. पिंडाला चुलतभाऊ बसला. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर तुला चालेल ना? तू तर सहीपुरतीच शिकलीस.

पण काल आपल्या ओट्यावर जे झालं ते तुला मीच सांगायला हवं. कारण पहिल्या खेपेला घोळ मी घातला होता.

कारखान्यांच्या धुरासाठी नेमलेल्या सरकारी हवा समितीत आपल्या भागातल्या गावांचा एक माणूस घ्यायचं ठरलं, तेव्हाची ग्रामसभा आठवते? बाप्ये सगळे एकमेकांकडे बघत बसले. तू पदर खोचून उठलीस. म्हणालीस, "माझं नाव घाला. शिळफाट्यावर गिऱ्हाईक दर बाजाराला मला इचारतं, बाई, तुझी मेथी काळी का गं? जबाब मीच देते, मंग तिथं बी मीच देईन."

अलिबागच्या पहिल्या बैठकीला तू मेथीची जुडी पिशवीतून नेलीस आणि टेबलावर ठेवलीस. पानावर बोट फिरवून काजळी दाखवलीस. साहेब म्हणाले, गावात येऊन बघतो.

आले तो बाजाराचा दिवस होता. पहाटे पाटी डोक्यावर घेताना तू मला म्हणालीस, "साहेब अकराला येनार, तवर मी येते. तू घरी रहा."

घरी राहा म्हणालीस, बाकी काही सांगितलं नाहीस. आणि मला काय वाटलं? आपल्या दारात पहिल्यांदा साहेब येणार, वर तुझ्या नावानं येणार. मी पंप लावला. ओट्याच्या पांढऱ्या लाद्या घासून धुतल्या, अंगणात सडा घातला, वाफ्यातल्या मेथीवर पाइप धरला. माझं बघून सगळी आळी लागली झाडायला. शेजारच्या भिमाकाकीनं तर केळीची पानं ओल्या फडक्यानं पुसली. "पाव्हने येनार आन् पानं अशी? लोक काय म्हनतील?" ओट्यावर मी लग्नातली सतरंजी अंथरली.

साहेबांची जीप आणि तुझी रिकामी पाटी एकदमच वळणावर आली. तू अंगण बघितलंस आणि तिथंच थांबलीस. साहेबांनी लादीवर बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि म्हणाले, "छान स्वच्छ ठेवलंय गाव." चहा घेतला आणि लिहून गेले, धूळ आढळली नाही.

मला तेव्हा समजलं मी काय केलं ते. तू मला एक शिवी तरी द्यायची होतीस गं. तू पाटी उतरवलीस आणि म्हणालीस, "ओटा बरा धुतलास रं, दिन्या."

महिन्याभरात मी गाव सोडलं. तू सगळ्यांना सांगायचीस, आमच्या दिन्याच्या पायाला भिंगरी हाय, माथेरानचं हॉटेल सोडलं, टेंपो सोडला, आता गुजरात. आधीचं खरं होतं. पण या खेपेला भिंगरी नव्हती. मला त्या ओट्यावर बसवत नव्हतं.

तू मात्र दर बैठकीला जात राहिलीस, हे मला तू गेल्यावर सुनीनं सांगितलं. दर वेळी तू म्हणायचीस, परत एकदा या. दर वेळी ते म्हणायचे, बघून आलो की, स्वच्छ आहे. फोनवर तर तू मला फक्त जेवलास का एवढंच विचारायचीस. का लपवलंस? मला वाईट वाटेल म्हणून? नवरा गेल्यावर माहेरी आलीस, आई नसलेल्या आम्हा दोघा भावंडांना, मला आणि सुनीला, वाढवलंस, आणि माझी चूकही एकटीच वाहिलीस.

तू गेल्यावर ग्रामसभेत सुनीचं नाव आलं. मागून कोणीतरी बोललं, "आत्या झाली, आता भाची. खुर्ची काय यांच्या घरचं वतन हाय?" आपली सुनी वळून म्हणाली, "मंग तुमी चला ना काका. अलिबागची एश्टी सकाळी सहाला हाय." सभा तिथंच आटोपली.

तिनं पाच बैठका पिच्छा पुरवून साहेबांना परत यायला लावलं. तारीख निघाली तुझ्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवसाची. म्हणजे कालची.

परवा सकाळी तिचा फोन. मागं भिमाकाकीचा आवाज चढलेला.

"दादा, मी दोन दिस आळीत झाडू लावू नको म्हनते, तर काकी ऐकत नाय."

काकीनं फोनच ओढून घेतला. "दिन्या, उद्या पाव्हने, परवा तुझ्या आत्याचं वर्षश्राद्ध, आन् अंगन उकिरडा? मेलेल्या मानसाला काय वाटंल रं?"

मी म्हटलं, "काकी, मागं मी धुतलं तेव्हा तिला काय वाटलं ते मी बघितलंय. झाडू नका. तिच्यासाठी."

काकीचा आवाज खाली आला. मग म्हणाली, "केळीची पानं बी नको पुसू?"

"पानं बी नको."

सुनीनं आळीतल्या साऱ्या केरसुण्या गोळा करून आपल्या घरात कोंडल्या आणि कुलूप लावलं. काकी म्हणे दोन दिवस अंगणात हात चोळत फिरत होती.

काल साहेब आले, सुनीनं रात्री फोनवर सगळं सांगितलं. तेच होते, केस जरा पिकलेले. सुनी म्हणाली, "बसा साहेब." सतरंजी अंथरली नाही. साहेब बसले. सुनीनं चहा दिला, धुराड्यांचं सांगितलं, मेथी दाखवली. साहेब मान हलवत होते, लिहीत काही नव्हते. मग निघायला उठले.

पँट फिकट रंगाची होती, आत्या. मागं दोन काळे गोल.

कोणाला हसू आवरेना, बोलायचं कसं तेही कळेना. शेवटी भिमाकाकी पुढं झाली. "साहेब, रागावू नका. आमच्या गावचा शिक्का बसला तुमाला."

साहेबांनी मागं वळून बघितलं, हात फिरवला, हाताकडं बघितलं. मग पुन्हा त्याच ओट्यावर बसले आणि कागद मागितला. शाळेच्या छपरावर हवा मोजायचं यंत्र बसवायचं, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचे, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. सुनीनं वाचून घेतलं, मगच सही केली.

जीप वळण ओलांडते न ओलांडते तोच काकी म्हणाली, "आता दे माझी केरसुनी." संध्याकाळपर्यंत आळी सारवून झाली. आज तुझं पान स्वच्छ अंगणात वाढलं. सुनीनं फोटो पाठवलाय, तो बघतच हे लिहितोय. बरं वाटतंय गं. खूप दिवसांनी.

दिवाळीला येतो. आल्याबरोबर तुझ्या लादीवर बोट फिरवीन. काळं निघालं तर सुनीबरोबर सहाच्या एश्टीत बसेन, निघेल तितक्या वेळा बसेन. आणि ज्या दिवशी बोट कोरडं, स्वच्छ निघेल, त्या दिवशी ओटा मी पुन्हा पंप लावून धुईन आणि सतरंजी अंथरीन. ती तुझ्यासाठी.

तुझा,
दिन्या