आखाजीपर्यंत मान, मग हात

धरणगाव,
आखाजीचा दुसरा दिवस

ती. अक्का,

सासूला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. लग्न झाल्यापासून आपण एकाच चुलीपुढे बसून भांडलो! पण गेल्या आठवड्यात तुमची उरलेली औषधं परत द्यायला धुळ्याला गेले आणि डॉक्टरांच्या तोंडून तुमची एक लबाडी कळली. तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. आता जाब कुणाला विचारू? म्हणून लिहिते आहे.

तो पहिला दिवस आठवतो? तुमच्या किडन्या थकलेल्या, धुळ्यात डायलिसिसचं मशीन नवीनच आलेलं. मी केसपेपर काढून आत आले तोवर डॉक्टरांनी तुमचे दोन्ही हात चाचपले होते. रक्त बाहेर काढून धुवायचं तर त्याला वाट हवी, म्हणाले. एक वाट हाताची. मनगटापाशी दोन रक्तवाहिन्या जोडायच्या आणि शीर जाड होईपर्यंत महिना-दोन महिने औषधांवर काढायचे. टिकाऊ काम, पण तो हात पुढे जन्मभर जपायचा. दुसरी वाट मानेतल्या नळीची. आज घातली की उद्या चालू, पण तिच्यातून जंतू शिरले तर तुमच्या वयात जिवाशीच गाठ. "हातच जोडू. उजवा. डाव्याच्या शिरा बारीक आहेत."

मी लगेच मान डोलावली. तुम्हाला विचारायचं कुणाला सुचलं? एकट्या डॉक्टरांना. "अक्का, या हातांनी तुम्ही काय काय करता?"

तुम्ही खाटेवरचा टॉवेल उचललात आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झेलत, पसरत दाखवलात. "मांडा करस ना, डाक्टर!" डॉक्टर कोकणातले. एवढी मोठी पुरणपोळी हातांवर पसरून चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"हाऊ हात आते दिधा तर आखाजीले मांडा कोन करी? सूनले येत नही. आखाजीलगून मान ल्या, मंग हात तुमना."

सूनले येत नही! भर दवाखान्यात! वर आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे डॉक्टरांना मलाच सांगावं लागलं.

मी चिडले. मांड्यांपायी जीव टांगणीला लावता का, असंही बोलून गेले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "जीव मना शे ना? मंग माले इचारा." डॉक्टरांनी सगळे धोके पुन्हा समजावले आणि तुमचं ऐकलं.

शिमग्यानंतर मानेत नळी आली. आठवड्यातून दोनदा एसटीनं धुळे आणि उरलेल्या दिवसांत माझी शाळा! मानेवर पांढरी पट्टी, समोर तापलेलं खापर आणि माझा फाटणारा मांडा. "धरू नको व माय, झेल!" शेजारणीसुद्धा तमाशा बघायला जमायच्या.

एकदा थंडी वाजून ताप भरला. एसटीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून तुम्ही कण्हत होतात आणि मी मनात म्हणत होते, म्हातारीच्या हट्टानं घात केला. नळी बदलली, तुम्ही वाचलात. त्या विचाराची मला अजून लाज वाटते, अक्का.

आखाजी झाली. माहेरी आलेल्या लेकी मांडे खाऊन सासरी गेल्या. त्याच आठवड्यात तुम्ही डॉक्टरांच्या टेबलावर उजवा हात ठेवलात. "ल्या. तुमना शे." काय बाई होतात तुम्ही! त्यानंतर एकही मांडा केला नाहीत. तो हात तयार झाला तेव्हा मनगटाला कान लावायला लावायचात सगळ्यांना. आत जातं फिरल्यासारखी घरघर! केवढा तुमचा तोरा!

मशीनवर तो हात चार तास अडकलेला असायचा. मी घास भरवायचे आणि तुम्ही माझ्याकडे बघून गालात हसायचात. का हसता, ते कळायचं नाही.

आता कळलं. तुमच्या डाव्या हाताच्या शिरा मुळात बारीक नव्हत्याच. आधीच्या दुखण्यांत सुया आणि सलाइन लावून लावून त्या निकामी झाल्या होत्या. आणि डाव्याच हाताला लावा म्हणून कंपाउंडरशी भांडायचं कोण? मी! "उजव्या हातानं जेवायचं असतं त्यांना." केवढी मी शहाणी!

डॉक्टरांनी तुम्हाला हे त्याच दिवशी सांगितलं होतं, मी केसपेपरच्या रांगेत असताना. तुम्ही त्यांचा हात धरलात म्हणे. "सूनसमोर बोलू नका. तिनी मना घाससाठे करं."

पावणेदोन वर्षं, अक्का! तोंडात तीळ भिजत नसे तुमच्या. गल्लीतलं कुणाचं काही तुमच्याजवळ राहिलं नाही. माझं तेवढं राहिलं. एवढ्या भांडणांत एकदाही तोंडावर मारलं नाहीत. मला सांगितलं असतं तर पाया तरी पडले असते तुमच्या.

काल तुमच्याशिवायची पहिली आखाजी. पहिले दोन मांडे फाटले. मग हात ढिले सोडले आणि तिसरा अख्खा खापरावर उतरला.

एक शब्द देते. गावात कुणाच्या किडनीचं दुखणं निघालं की मी त्या घरी जाणार. एक हात राखा, त्याला सुई लागू देऊ नका, असं सांगणार. आणि वाट कुठली घ्यायची ते आधी म्हातारीला विचारा, हेही. तुम्हाला हे कसं ठाऊक, असं कुणीतरी विचारेलच. तेव्हा तुम्ही झाकलेलं मी उघडं करणार. माझ्या अक्कांचा डावा हात मी घालवला, असं माझ्या तोंडानं सांगणार. रागावू नका.

तुमची सून शकुंतला,
जिले आते मांडा येस.