वन्सं जेवून गेल्या

आत्याबाई, तुमची लेक काल आपल्या घरी जेवून गेली. भाकरी, शेंगाची चटणी, वर वाटीभर आमटी. तुमची ही सून आता स्वतः आजी झाली, अक्षर चौथीत होतं तसंच राहिलंय. पण हे सांगायचं कुणाला, तुमच्याशिवाय? म्हणून बसले लिहायला.

तुम्हाला आठवत नसणार. शेवटी शेवटी तर सकाळचं दुपारी आठवत नव्हतं. मी ताट मोरीत ठेवून येईपर्यंत तुम्ही ओट्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्या बाईला थांबवून सांगताय, "सून उपाशी ठेवती गं मला." हनुवटीला आमटी तशीच. आधी मी भांडायची, "आत्ता जेवलात की!" तुम्ही रडायला लागायच्या. मग मी दाराशी कडक भाकरीचा डबा ठेवला. ती लवकर संपत नाही, दात नसले तर अजूनच नाही. तुम्ही मागितलं की "बसा, चूल पेटवतेच, तवर हे घ्या," म्हणून तुकडा हातात द्यायचा. तुम्ही चघळत गप्प. पण गल्लीला काय दिसायचं? म्हातारीच्या हातात वाळकी भाकरी!

वन्सं वैरागहून आल्या त्या नेमक्या अशाच वेळी. "दात न्हाईत तिला, आन् हे देतीस व्हय?" घरून आणलेल्या पोळ्या दुधात कुस्करून त्यांनी तुम्हाला भरवल्या आणि माझ्या घरचं पाणी न पिता गेल्या. त्यांची एसटी सुटली असेल-नसेल, तुम्ही ओट्यावर सांगताय, "लेक आली, पण हात हलवत आली बघा." मला हसू आवरेना. ऐकायला वन्सं पाहिजे होत्या.

तेव्हापासून आपल्या घरी आल्या की त्यांना उपास. सोमवारी सोमवार, मंगळवारी मंगळवार. बुधवारी देव सापडेना, तर म्हणे पोट बरं नाही. तुम्ही गेलात, त्या लेकाकडं सोलापुरात राहायला आल्या, म्हाताऱ्या झाल्या, तरी उपास काही सुटला नाही.

आता तुमची पणती, म्हणजे माझी नात, दवाखान्यात नर्स आहे, गोड पोर, तिच्याबद्दल लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही. तिच्या दवाखान्यातल्या लोकांनी काल सात रस्त्याजवळ विसरण्याच्या आजारावर कार्यक्रम ठेवला. म्हणाली, "आजी, म्हातारी माणसं घेऊन ये." मी वन्संना रिक्षात घातलं.

डॉक्टरीणबाई साध्या बोलल्या. हे वेड नव्हे, म्हातारपणाचा हट्टही नव्हे, मेंदूचा आजार आहे. जेवलेलं माणूस जेवलो नाही म्हणतं, त्याला ते खरंच वाटतं. वाद घालू नका, वेळेत दाखवायला आणा. आणि सांभाळणाऱ्या बाईला नावं ठेवण्याआधी जरा तिच्या घरात बसून बघा, ती जेवली का तेही विचारा. मागं एक तरुण सून पदर तोंडाला लावून रडायला लागली. नात उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

परतताना आपल्या दाराशी वन्संही रिक्षातून उतरल्या. आत येऊन भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "भाकरी हाय का गं?"

"वन्सं, आज संकष्टी की ओ."

"ठावं हाय मला. वाढ."

मी वाढलं. त्या दुसऱ्या भाकरीवर होत्या तेव्हा खाली बघूनच म्हणाल्या, "तू तरी जेवत हुतीस का गं, तवा?" मी आमटी वाढली.

पत्र कुठं टाकायचं ते काही माहीत नाही. राहू दे पिठाच्या डब्याखाली. एक मात्र सांगून टाकते. नात सगळ्यांना सांगत सुटली आहे, आमची आजी पहिल्या रांगेत बसून किती मन लावून ऐकत होती. आत्याबाई, मी अर्धंसुद्धा ऐकलं नाही. माझं सगळं लक्ष वन्संच्या तोंडाकडं होतं.