टेकचे त्रेचाळीस अर्थ

३ फेब्रुवारी, सोमवार
टेक म्हणजे घेणे. शाळेत एवढंच शिकलो आणि त्यावर अर्धं आयुष्य निघालं की! आता माझ्या बायकोच्या, प्रियंकाच्या, इंग्रजी क्लासच्या सरांनी या एका क्रियापदाचे त्रेचाळीस अर्थ लिहून दिलेत. रक्त घ्यायचं तरी टेक, गोळी खायची तरी टेक, बस पकडायची तरी टेक, फोटो काढायचा तरी टेक! इंग्रजांकडे शब्दांचा दुष्काळ होता वाटतं.

१ मार्चला तिची पुण्यात इंग्रजीची परीक्षा. इथं नर्स आहेच, पास झाली तर आयर्लंडच्या दवाखान्यात. पहिली दोन वर्षं एकटीच. आमची सिद्धी सहा वर्षांची, ती माझ्याजवळ राहणार. "जा की," म्हणालो मी. हसून म्हणालो.

रोज संध्याकाळी ती भाकरी थापते आणि मी विचारतो. उत्तरांचा कागद माझ्या हातात.

५ फेब्रुवारी, बुधवार
"टेक आफ्टर?" "मागं लागणं," ती म्हणाली. कागदावर होतं — आईबापाच्या वळणावर जाणं. मी म्हणालो, "बरोबर."

कसं निघालं तोंडातून! दिवसभर कारखान्यात टॉवेल तपासतो मी. एक धागा सुटलेला दिसला तरी माल बाजूला काढतो. आणि घरी येऊन हे!

६ फेब्रुवारी
आज तीन चुका. तिन्ही बरोबर म्हणालो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
टेक ऑन — जबाबदारी अंगावर घेणं. ती म्हणाली, अंगात घालणं. "बरोबर." तिनं भाकरी उलटली, माझ्याकडं बघितलं, परत तव्याकडं. "तुमी हाय म्हणून माझा अभ्यास व्हतोय." मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पुढचा शब्द विचारला.

पाच-सहा शब्दांनी कोण नापास होतंय, अशी मनाची समजूत काढतो. पण मला तेच हवंय ना! इथं कशाला खोटं लिहू? भीती वाटते. तिथला पगार, तिथली माणसं बघितल्यावर ती माझ्याकडं कशाला परत येईल?

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आज सगळं सांगायचं ठरवूनच घरी आलो. तर सिद्धीला ताप. प्रियंका तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेली. "आज अभ्यास राहू द्या," म्हणाली. सुटलो, असं वाटलं मला! पोरगी तापानं फणफणलीय आणि बाप म्हणतो सुटलो.

१ मार्च, शनिवार
पहाटे स्टेशनवर सोडायला गेलो. "त्या शब्दांतले काही..." एवढं बोललो आणि गाडी आली. "काय म्हणालात?" "काही नाही. डबा खा वेळेवर."

१९ मार्च, बुधवार
पास! आणि त्या शब्दांच्या भागात सगळ्यात जास्त मार्क! शेजारच्या गोजाबाईंनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. मग त्या चुका गेल्या कुठं? दिवसभर डोक्यात तेवढंच.

२० मार्च, गुरुवार
शेवटी विचारलं. "पैल्या दिवशी खरंच चुकलं हुतं. दुसऱ्या दिवशी क्लासात कळलं," ती म्हणाली. "मग मुद्दाम चुकवत गेले. म्हटलं आज सांगतील, उद्या सांगतील. लई वाट बघितली मी."

रागावली असती तर बरं झालं असतं. सिद्धीच्या फ्रॉकांच्या घड्या घालत होती. "सिद्धी दुधनीला माझ्या आईकडं राहील. तितल्या शाळंत नाव घालून आलेय."