उलथून बघितलं का?

पूर्णा, ३ फेब्रुवारी १९९४

प्रिय रंगनाथ,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. जिंतूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो, ती सवय. बंदमुळं एसट्या उभ्या होत्या, म्हणून तुझं पत्र उशिरा मिळालं. उत्तर शेवटी देतो. आधी माझं ऐक, कारण तोंडावर तू कधी ऐकून घेतलं नाहीस.

मी सध्या स्टेशनासमोर व्हीसीआर दुरुस्त करायलोय. इथली भजी लय झकास, मिरची आख्खी घालतात... ते राहू दे. अकरावीत शाळा सोडून पुण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात मी झाडू मारला आणि झाडता झाडता शिकलो, हे तू तुझ्या साहेबांना हसत सांगितलंस. त्याच झाडूवाल्याला परभणीला तुमच्या कृषी विद्यापीठात बोलावलंस, कारण तुझा प्रोग्राम कुणालाच चालवता येईना. कॅमेऱ्याखाली ज्वारीचं पान ठेवायचं आणि रोगाचे ठिपके मशीननं मोजायचे, काम एवढंच. त्याला तू चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक जोडलंस. साहेब पिकाच्या रोगांतले मोठे जाणकार, पण कीबोर्डाला हात लावताना शॉक बसेल अशी बोटं धरायचे.

मी ते पुस्तक बाजूला टाकलं आणि सरजाबाईजवळ जाऊन बसलो. वीस वर्षं ती रोजंदारीवर भिंगातून ठिपके मोजायची, अंगठा लावून पगार घ्यायची. तिला जमलं तर साहेबांनाही जमेल, एवढाच माझा विचार. पहिल्याच पानावर मशीननं एकतीस ठिपके सांगितले. ती म्हणाली, तुजी टीव्ही आंधळी हाय का रं बापू, रोगाचे नऊच हायत, बाकीचं अळीनं खरवडलंय. मला सगळे सारखेच दिसायले. तिनं पान उलथलं. रोगाचा ठिपका पाठीकडं उतरतो, अळीचा ओरखडा वरच राहतो. कॅमेरा काही पान उलथत नाही. म्हणून शंका आली की मी मशीनलाच थांबायला लावलं. पडदा विचारतो, उलथून बघितलं का? तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारी उलट्या पानाचं चित्र काढलं. रोगाच्या बटणाला लाल नेलपॉलिश लावलं, अळीच्या बटणाला चुना; पान उलथून बघायचं आणि त्यातलं एक दाबायचं. महिन्याभरात साहेबही एका हातात चहा धरून ते चालवायला लागले.

आणि तू काय केलंस? आता मशीनच मोजतंय म्हणून दिवाळीआधी सरजाबाईला काढलंस. मी भांडलो, तर मलाही. अहवालावर नाव तुझं एकट्याचं. त्याचं मला काही नाही, मी तसाही कुठं टिकत नाही. पण ती या वयात पोराबरोबर ऊस तोडायला गेलीय.

आता तुझं उत्तर. बुधवारी दिल्लीचे पाहुणे येणार, मशीन पानोपानी अडून बसतंय, ती विचारणा कशी काढायची ते कळव, असं लिहितोस. वर 'मित्रा' म्हणतोस. एकच ओळ खोडायची आहे, आणि ती मी सांगणार नाही. खोडलीस तर प्रत्येक ओरखडा रोग ठरेल, आणि नुसत्या अळीच्या शेतात लोक तुझ्या सल्ल्यानं भलतंच औषध मारत बसतील. नीटनेटकं दिसावं म्हणून तू पानं पुठ्ठ्याला चिकटवून ठेवलीस, असं कळलं. मग उलथायचं कसं, आणि उलथलं तरी ओळखणार कोण? सरजाबाई सोनपेठजवळच्या फडावर आहे. स्वतः जा, कामावर परत ये म्हण. ती नाही म्हणाली, तर पाहुण्यांपुढं पडदा चालू ठेव आणि तो विचारतो त्याचं उत्तर तू दे.

तुझाच, तेवढ्या बाकापुरता,
बन्सीधर