घंटेत गेलेलं घंगाळ

आई,

काल नगरपालिकेतून दोघे जण आले होते. पालिकेला दीडशे वर्षं होताहेत, मोठा सोहळा ठरलाय, आणि गावाचा इतिहास दाखवायला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचंय म्हणे. "बाई, तुमच्याकडं तांब्या-पितळेची जुनी भांडी असतील की. नावं घातलेली असली तर लय बरं," असं त्यातला एक म्हणाला आणि मला हसू आवरेना. तो बिचारा चहाचा कप हातात धरून बघत राहिला. हसता हसता मला राग आला. पालिकेला शंभर वर्षं झाली तेव्हा ह्याच गावानं घरोघर फिरून नावं घातलेली भांडी गोळा केली होती आणि वितळवली होती, हे ह्यांना कुणी सांगितलेलंसुद्धा नव्हतं. त्यांना वाटतं पालिकेच्या दारातली ती घंटा पहिल्यापासून तिथेच आहे.

तुला तर सगळं आठवतच असेल, तू कुठं काय विसरायचीस! दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती, मळ्यांतून ऊस पुन्हा उभा राहिला होता आणि गावाच्या अंगात आलं होतं. शताब्दी समितीचे अध्यक्ष आपल्याच गल्लीतले सुभेदार. पलटणीतून घरी आल्यापासून त्यांना हुकूम सोडायला काहीतरी हवंच होतं. घरटी एक भांडं घ्यायचं, त्याची मोठी घंटा ओतायची आणि ती पालिकेच्या दारात टांगायची, ही कल्पना त्यांची. आपल्याकडे आले ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. "आवं वैनी, गावाची घंटा हाय. पर्तेक घराचा आवाज त्यात ऐकू यील." तू चुलीपुढून मानही वळवली नाहीस. "घराचा आवाज न्यायचा आसंल तर ह्यास्नी घिऊन जावा," असं म्हणून दादांकडे उलथनं दाखवलंस. दादा हसले, सुभेदारही हसले. भांडं मात्र मिळालं नाही.

घंगाळ मोरीत पालथं असायचं. बंब आल्यापासून त्यात कुणी अंघोळीचं पाणी काढत नव्हतं, तरी दर सणाला तू ते चिंच लावून घासायचीस आणि काठाजवळ आलीस की हात हलका करायचीस. तिथे ठिपक्याठिपक्यांनी तुझं नाव कोरलेलं होतं. माहेरचं नाव, तुझ्या वडिलांचं नाव आणि शेवटी औंध. लग्नाच्या दिवशी ह्या घरात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं तुझं नवं नाव लिहिलं आणि जुनं तिथेच संपलं. तू शाळेची पायरी चढली नव्हतीस. घंगाळावरची तेवढी अक्षरं तुला वाचता यायची, म्हणजे बोटानं ओळखता यायची. मला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलंस तेव्हा आधी त्या काठावरून माझं बोट फिरवलं होतंस. हे मला ठाऊक होतं. काही माहीत नव्हतं म्हणून झालं, असं मी म्हणू शकत नाही.

त्या पौषात तू यमाईच्या जत्रेला औंधला गेलीस, चार दिवस. मला शाळेत नोकरी लागून वर्ष झालं होतं. हेडमास्तरांनी भांडी गोळा करायचं काम आम्हा बायकांच्या गळ्यात घातलं, एकेकीला एकेक गल्ली. भांडं आलं की यादीत घरापुढे खूण करायची. माझ्या गल्लीत सगळ्या घरांपुढे खुणा झाल्या, एक घर राहिलं. आपलं. सुभेदारांच्या मंडळी दारातून म्हणाल्या, "मास्तरीण, दुसऱ्याच्या मांडणीवरली भांडी उतरिवतीस आन् तुज्या घरचं कुठाय गं?" बाजारपेठ वाट्याला आलेल्या बाईंची यादी आदल्याच दिवशी पुरी झालेली. शिवाय मेहनत घेणाऱ्यांची नावं स्मरणिकेत छापू, असं समितीनं सांगितलं होतं. मी मोरीत गेले. मांडणीवर पातेली होती, तांबे होते, ते दिले असते तरी खूण झाली असती. पण घंगाळ जड होतं, उठून दिसणार होतं. शाळेच्या शिपायाच्या सायकलला बांधलं आणि बरोबर चालत गेले.

पालिकेच्या आवारात भांड्यांचा ढीग बघून मी पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. जिकडे बघावं तिकडे नावं. कुणाच्या लग्नात कुणी हंडा दिला, कुणाचा लेक पलटणीतून सुखरूप आला म्हणून कळशी घेतली, कुठल्या भावकीनं भांडण मिटल्यावर एकत्र परात केली, सगळं तारखेनिशी कोरलेलं. गावाचा इतिहास तिथे उन्हात पडला होता, आणि आत सभागृहात समिती इतिहासाचं काही सापडत नाही म्हणून चहावर चहा पीत बसली होती. प्रदर्शन तेव्हाही होतं, त्याच्या टेबलावर सुभेदारांची पदकं, एक कंदील आणि कुणाच्या तरी आजोबांची पगडी. माझ्या हे ध्यानात आलं, आई. तरी मी खूण करून घरी आले.

घंटा ओतायला सांगलीहून ओतारी आला होता. त्यानं आधीच बजावलं, "साहेब, तांबं, पितळ, जर्मन समदं एकात घालू नका. घंटा बोलायची न्हाई." पण हे ऐकणारं गाव आपलं असतं तर आणखी काय हवं होतं! जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं देणाऱ्याचं बाजूला काढलं तर तो म्हणणार, माझ्या घराला मान नाही का? मग सगळ्यांचा मान राखला आणि सगळं एकात ओतलं. समारंभाच्या दिवशी पाहुण्यांनी मोठ्या ऐटीत दोर ओढला आणि घंटेतून आवाज आला, थड्. सुभेदारांनी घाईघाईनं बँडवाल्यांना हात केला. घंटेवर समितीच्या अकरा जणांची नावं उठून दिसत होती, हार घातल्यामुळे त्यातली दोनतीन झाकली होती एवढंच.

पण त्याच्या आधी तू औंधहून आलीस तो दिवस. अंगारा देव्हाऱ्यापुढे ठेवलास, पाय धुवायला मोरीत गेलीस आणि तिथूनच विचारलंस, "घंगाळ कुठाय गं?" मी भाकरी थापत होते. "दादांनी दिलं," मी म्हणाले. काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. दादा तेवढ्यात कारखान्यावरून आले होते, पायताण काढत होते. तू बाहेर आलीस. "आवं, माजं घंगाळ तुमी दिलं?" दादांनी माझ्याकडे बघितलं. माझा हात भाकरीवर तसाच थांबलेला. मग ते तुला म्हणाले, "व्हय, दिलं. गावाचं काम हाय."

"माजं नाव हुतं त्याच्यावर," एवढंच तू बोललीस.

आणि तिथेच तू मला छळायला सुरुवात केलीस. भांडली असतीस, ओरडली असतीस, चार दिवस चूल पेटवली नसतीस तर मी पुढे येऊन सांगितलं असतं. पण नाही! पालिकेत रोज सकाळी अकराला घंटा व्हायची, थड्, आणि तू हातातलं काम न सोडता म्हणायचीस, "वाजलं बग माजं नाव." पावसाळ्यात, उन्हाळ्यात, घरी पाहुणे असले तरी. मी एकदा ओरडलेसुद्धा, "पुरे की आता, किती वर्षं तेच!" तू माझ्याकडे बघितलं नाहीस, दादांकडे बघितलंस. दादा वर्तमानपत्रात. ह्या माणसानं मला एकटं गाठून एका शब्दानं विचारावं की नाही? नाही विचारलं. मी कितीदा वाट बघितली.

स्मरणिका आली तेव्हा तू मला पुढ्यात बसवून भांडी देणाऱ्यांची यादी वाचायला लावलीस. मेहनत घेणाऱ्यांत माझं नाव नव्हतंच, 'शिक्षकवृंद' म्हणून एका शब्दात सगळ्या आटोपल्या होत्या. आपल्या घरापुढे दादांचं पूर्ण नाव आणि तांब्याचं घंगाळ एक, असं छापलेलं. यादी घरधन्याच्या नावानंच केलेली, सगळ्यांचीच. मी ते मोठ्यानं वाचलं. तू मान हलवलीस. तुझ्या लेखी दादांचा गुन्हा छापून आला होता, आणि तो तुला वाचून दाखवणारी मी.

कालच्या दोघांना घंटेचा इतिहास एक पानभर लिहून हवाय. तांदळात लिहिलेलं नाव टिकलं आणि तांब्यात कोरलेलं गेलं, हे त्यांना कसं लिहून द्यायचं? तेच लिहायला सकाळी बसले आणि हे झालं. पाकीट आणलंय. त्यावर तुझं घंगाळावरचं नाव लिहिलंय, तुझ्या वडिलांचं आणि औंधही लिहिलंय. ते कपाटात राहील.

दादांच्या तेराव्याला तू आल्यागेल्यांना सांगत होतीस, "देवमाणूस हुता. येवढं एक सोडलं तर." मी पंक्तीत वाढत होते. मी ऐकलं आणि पुढच्या पानाकडे सरकले. त्यानंतर तू नऊ वर्षं होतीस, रोज माझ्यासमोर, आणि रोज अकरा वाजत होते.

ते एक दादांचं नव्हतं, आई. माझं होतं.